पहिल्या रविवारचा आलेख

रणजित डुबलला पहिला फटका बसला तो चाक खोलायच्या टॉमीचा, उजव्या बरगडीवर. त्या वेळी त्याच्या काखेत पळण्याच्या बुटांचं खोकं होतं. शनिवार होता, सकाळचे नऊ वाजले होते, आणि सोनकीरच्या ट्रक अड्ड्यावर तो नुकताच केबिनमधून खाली उतरला होता.

मारणारे सहा जण होते. सगळे विशी-बाविशीचे, डोक्यावरचे केस बारीक कापलेले, आगेकूच अकॅडमीचे जुने विद्यार्थी. त्यांनी त्याला दोन ट्रकांमधल्या चिंचोळ्या जागेत ओढलं, म्हणजे पळायला वाव उरला नाही. अड्ड्यावर पंधरा-वीस ड्रायव्हर आणि क्लीनर हजर होते. मध्ये कोणी पडलं नाही, कारण त्या सहांपैकी एक जण मारता मारता मारण्याचं कारण सांगत होता, आणि ते ऐकल्यावर मध्ये पडावंसं कोणाला वाटलं नाही. पोटच्या पोरीशी असं वागणाऱ्याला दुसरं काय करायचं? दहा-अकरा मिनिटं हे चाललं. शेवटी एका म्हाताऱ्या क्लीनरने हात जोडले, मरेल म्हणाला, तेव्हा ते सहा जण मोटरसायकलींवर बसून निघून गेले.

टेम्पोत घालून रणजितला डॉ. उल्हास उरुणकरांच्या दवाखान्यात आणलं. उरुणकरांनी जखमा नेहमीच्या क्रमाने लिहिल्या. उजवीकडच्या तीन बरगड्या. खालचा जबडा, दोन ठिकाणी. डाव्या हाताची दोन बोटं. डावा डोळा. डोळ्यापुढे त्यांनी फक्त ‘तातडीने जिल्ह्याला हलवणे’ एवढंच लिहिलं. डोळा वाचणार नाही हे त्यांना दिसत होतं. रणजित काहीतरी विचारायचा प्रयत्न करत होता, पण जबडा हलत नव्हता आणि तोंडातून नुसतं रक्त येत होतं. आपले हात नेहमीपेक्षा सावकाश चालताहेत हे उरुणकरांच्या लक्षात आलं. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. मारणारे जे सांगत होते ते मुळात त्यांनीच शोधून काढलं होतं.

शोधलं होतं ते एका केसातून.

२०३८च्या जुलैत राज्यातल्या सगळ्या फॅमिली डॉक्टरांना सहा दिवसांचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. विषय होता दहा ते एकोणीस वयाच्या मुलांची प्रतिबंधक तपासणी. या वयाची मुलं फारशी आजारी पडत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडे येत नाहीत; आणि त्यांना जे होतं त्याने ताप चढत नाही. मारहाण, नशा, चोरून घेतलेली इंजेक्शनं, स्वतःच्या मनगटावर ओढलेलं ब्लेड. डॉक्टरला हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. ते आधी कळावं म्हणून दर वर्षी प्रत्येक मुलाची तपासणी व्हायची होती, आणि त्यासाठी प्रत्येक दवाखान्याला एक यंत्र मिळणार होतं. सरकारी कागदात त्याचं नाव केशलेख होतं.

यंत्रामागचं विज्ञान सोपं होतं. माणूस घाबरला, ताणाखाली आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. रक्तातून ते केसाच्या मुळाशी पोचतं. केस वाढतो तसं ते त्यात अडकून पडतं आणि केसाबरोबर हळूहळू डोक्यापासून दूर सरकत जातं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे चौदा सेंटिमीटरचा केस ही चौदा महिन्यांची नोंद झाली. हे जुनंच ज्ञान होतं, पण पूर्वी त्यासाठी केसांची बट लागायची, प्रयोगशाळा लागायची आणि महिन्याची सरासरी तेवढी कळायची. केशलेखला मुळासकट ओढलेला एक केस पुरे होता. तो दर अडीच मिलिमीटरला, म्हणजे आठवड्या-आठवड्याला, मोजमाप घेई आणि वीस मिनिटांत, एका वेळी दहा केसांपर्यंत, आलेख काढून देई. मूल कोणत्या आठवड्यात किती ताणाखाली होतं, ते कागदावर दिसे.

प्रशिक्षण देणाऱ्या डॉ. नाझनीन बागवान चौतिशीच्या होत्या, आणि समोर बसलेले बहुतेक डॉक्टर त्यांच्या वडिलांच्या वयाचे. तपासणीचा क्रम त्यांनी सहाही दिवस घोटून घेतला. आधी पालकाला बाहेर पाठवायचं. मग मुलाशी बोलायचं. मग अंग तपासायचं. केस सगळ्यांत शेवटी. यावर थट्टा पुष्कळ झाली. एका डॉक्टरांनी सांगितलं की आमच्याकडे पेशंट एक असतो आणि नातेवाईक सहा, कोणाकोणाला बाहेर काढू? दुसरे म्हणाले, बापाला बाहेर बसा म्हटलं तर तो पोरीला घेऊन समोरच्या डॉक्टरकडे जाईल, आणि तिथे बसायला खुर्ची नवी आहे. बागवान हसल्या, पण क्रम बदलला नाही. आणखी दोन गोष्टी त्या रोज सांगत. मुलाच्या तोंडात कोणाचं नाव घालायचं नाही. आणि जे कळेल ते फक्त बालसंरक्षण कक्षाला कळवायचं. गावातल्या मोठ्या माणसाला तर मुळीच नाही.

सरावासाठी नर्सिंगच्या विद्यार्थिनी मुलांच्या भूमिका करत. उरुणकरांनी दुसऱ्याच मिनिटाला समोरच्या मुलीला विचारलं, वडील दारू पितात का? बागवाननी सराव तिथेच थांबवला. उरुणकर जरा दुखावले. सत्तावीस वर्षं मी या लोकांच्या घरात जातोय, म्हणाले, कोणाच्या घरी काय शिजतं ते मला वासावरून कळतं.

“डॉक्टर, तुम्हाला घर माहीत आहे हीच अडचण आहे,” बागवान म्हणाल्या. “यंत्र ‘केव्हा’ ते सांगतं. ‘कोण’ ते फक्त मूल सांगतं. तेही तुम्ही गप्प बसलात तर.”

उरुणकरांनी मान हलवली आणि वहीत लिहून घेतलं. बाई हुशार आहे, पण गावात राहिलेली नाही, असं त्यांना वाटलं.

ऑगस्टच्या अखेरीस त्यांनी आगेकूच अकॅडमीत शिबिर घेतलं. पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करणारी सोळा ते एकोणीसची बासष्ट मुलं तिथे होती. अर्धी वसतिगृहात राहत, अर्धी घरून येऊन जात. अकॅडमी चालवणारे निवृत्त सुभेदार जालिंदर पिसाळ हे तालुक्यातलं मोठं नाव होतं. नऊ वर्षांत त्यांनी पावणेदोनशे मुलं भरती करून दाखवली होती. लग्न ठरवताना, वाटणीच्या भांडणात, नवरा-बायकोच्या तंट्यात लोक त्यांना बोलावत. उरुणकर आणि ते दर गुरुवारी कॅरम खेळत.

बासष्ट मुलं आणि एक दिवस. क्रम पाळला तर रात्र झाली असती. उरुणकरांनी तो उलटा केला: सकाळी नर्स रेश्माने सगळ्यांचे केस घेतले आणि दुपारपासून ते एकेक आलेख समोर ठेवून एकेका मुलाला आत बोलावू लागले. बसायला सुभेदारांनी आपलं ऑफिस दिलं होतं. स्वतः बाहेरच्या बाकावर बसून ते मुलांना रांगेत आत सोडत होते आणि मधूनमधून चहा पाठवत होते.

ओवी डुबल सोळा वर्षांची होती. आठशे मीटरमध्ये मुलींत पहिली किंवा दुसरी. तिच्या आलेखात चौदा महिन्यांत तेरा उंच टोकं होती. प्रत्येक टोक महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. फक्त मे महिना सपाट. उरुणकर त्या सपाट जागेकडे बघत राहिले. हिचा बाप लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. महिन्यातून एकदा, पहिल्या आठवड्यात, घरी येतो. आला की रक्तदाब दाखवायला दवाखान्यात येतो. त्यांनी टॅबवर रणजितची नोंद उघडली. तेरा भेटी, सगळ्या पहिल्या आठवड्यातल्या. मे महिन्यात भेट नाही.

रेश्माने हळूच सांगितलं की पोरीच्या मांडीवर मागच्या बाजूला जुने वळ आहेत. विचारलं तर पडले म्हणते.

उरुणकरांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज शक्य तितका मऊ केला. “बाळा, बाबा घरी आले की काय होतं?”

ओवीने दाराकडे बघितलं. तिचे डोळे भरले. “ते आले की माझ्या पोटात दुखायला लागतं,” ती म्हणाली. उरुणकरांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

संध्याकाळी त्यांनी अहवालात ‘घरात वडिलांकडून मारहाण, दाट शक्यता’ असं लिहिलं आणि तो बालसंरक्षण कक्षाला पाठवला. नियम इथपर्यंत पाळला गेला. मग ते बाहेर येऊन सुभेदारांशेजारी बाकावर बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. कक्षाचा माणूस येईल तेव्हा येईल. रणजित पुढच्या आठवड्यात घरी यायचा होता. अशा वेळी गावात कोणाला सांगायचं, हा त्यांना प्रश्नच पडला नाही. गेली नऊ वर्षं सगळे ज्यांना सांगत आले होते त्यांनाच त्यांनी सांगितलं.

सुभेदारांनी चहाचा कप बाकावर ठेवला. मग म्हणाले, “तुम्ही निर्धास्त राहा, डॉक्टरसाहेब. पोरगी आजपासून आमच्या वसतिगृहात. तिच्या आईची सही मी आणतो. आणि बापाला काय समज द्यायची ती आमच्यावर सोडा.”

समज कशी दिली जाईल याचा विचार उरुणकरांच्या मनात आला होता, हे नंतर त्यांनी स्वतःशी कबूल केलं. दोन थोबाडीत बसतील, फार तर. त्यांच्या अहवालात ‘मारहाण’ हा शब्द होता. ट्रक अड्ड्यापर्यंत पोचेतो त्यात आणखी दोन शब्द मिसळले गेले, आणि ते असे होते की ऐकणाऱ्याची मूठ आपोआप वळावी.

रणजितला जिल्ह्याला नेलं, डोळा काढावा लागला. पोलिसांत सहा अनोळखी इसमांविरुद्ध नोंद झाली. सोनकीरमध्ये त्या सहांना न ओळखणारा माणूस शोधावा लागला असता. कक्षाने सुभेदारांना मुलीचं तात्पुरतं पालकत्व देणारं पत्र पाठवलं. आठवडी बाजारात दोघातिघांनी उरुणकरांना थांबवून नमस्कार केला. पोरीचा जीव वाचवलात, म्हणाले.

संशयित मुलाचा केस चार आठवड्यांनी पुन्हा तपासायचा, असा नियम होता. सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी उरुणकरांनी रेश्माला अकॅडमीत पाठवलं. सुभेदारांनी निरोप दिला होता की रविवारी मासिक चाचणी आहे, पोरांचा वेळ मोडू नका, केस तेवढा घेऊन जा. बाप पन्नास किलोमीटरवर पलंगाला खिळलेला. पोर सुरक्षित जागी. आलेख खाली आलेला दिसणार, यात उरुणकरांना शंका नव्हती. एवढंच नव्हे, तो आलेख बागवानना पाठवायचा असंही त्यांनी ठरवलं होतं.

वीस मिनिटांनी यंत्रातून आलेला कागद त्यांनी दोनदा वाचला. मग नमुन्यावरचं नाव तपासलं. शेवटच्या चार आठवड्यांत रेष खाली उतरलीच नव्हती. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातलं टोक आधीच्या तेराही टोकांपेक्षा उंच होतं, आणि त्यानंतरचे आठवडे त्याच्या जवळपास चिकटून चालले होते. बाप घरात नव्हता. बाप गावात नव्हता. ज्या आठवड्यात बापाचा डोळा काढला, त्या आठवड्यात मुलगी आयुष्यात कधी नव्हती इतकी घाबरलेली होती, आणि अजूनही होती.

बापाच्या काळजीने असेल, असं त्यांनी स्वतःला पाच मिनिटं समजावलं. मग ते उठले आणि शिबिराची फाइल काढली. बासष्ट आलेख. ते त्यांनी एकेक करून वाचले होते, शेजारी शेजारी कधी ठेवले नव्हते. आता त्यांनी तपासणीच्या टेबलावर, खुर्चीवर, मग फरशीवर कागद मांडले, तारखा एका रेषेत येतील असे. त्यांच्या पायाशी बासष्ट डोंगररांगा उभ्या राहिल्या आणि सगळ्यांची शिखरं एकाखाली एक आली. पहिला आठवडा. पहिला आठवडा. पहिला आठवडा. आखूड केसांच्या मुलग्यांच्या रांगा दोन-तीन शिखरांच्याच होत्या, पण जिथे जिथे रेष मेपर्यंत पोचत होती तिथे मे सपाट. मे महिन्यात अकॅडमीला सुट्टी असते.

शिबिराच्या दिवशी हे दिसलं कसं नाही? उत्तर फाइलमध्ये त्यांच्याच अक्षरात होतं. प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात त्यांनी कारण लिहून ठेवलं होतं. याचा बाप पितो. हिची सावत्र आई. याच्या घराचे हप्ते तुंबलेले, हप्ता पाच तारखेला. त्यांना बासष्ट घरं माहीत होती, म्हणून त्यांना बासष्ट कारणं सापडली होती.

रणजित पहिल्या आठवड्यात घरी का यायचा, हेही आता कळलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी अकॅडमीची चाचणी असे. मुलगी पळताना बघायला तो फेऱ्या जुळवून यायचा. बाप आला म्हणजे चाचणी आली. म्हणून तिच्या पोटात दुखायचं, आणि मांडीवरचे वळ चाचणी संपून पालक घरी गेल्यावर उठत असणार. तिने खरं तेच सांगितलं होतं, आणि त्यांनी वाक्य अर्ध्यावर उचललं होतं.

रविवार तीन दिवसांवर होता.

उरुणकरांनी कक्षाला फोन केला. अधिकारी सोमवारी येतील, असं उत्तर मिळालं. बागवाननी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. त्यांनी लेखी दुरुस्ती ताबडतोब पाठवायला सांगितलं आणि मुलीला एकटीला भेटल्याशिवाय एक शब्दही पुढे न्यायचा नाही, असं बजावलं. भेटायला अकॅडमीने नकार दिला. पोलीस ठाण्यातल्या निरीक्षकांनी बासष्ट आलेख टेबलावर पसरून घेतले, आणि कौतुकाने बघितले.

“पळून पळूनही वाढत असेल की हे,” ते म्हणाले. “मागच्या महिन्यात बाप म्हणालात. या महिन्यात सुभेदार म्हणताय. पुढच्या महिन्यात कोणाचं नाव येणार, डॉक्टर?”

उरुणकरांनी आलेख गोळा करून पुन्हा फाइलमध्ये घातले. निरीक्षकांचं म्हणणं अर्धं बरोबरही होतं: कष्टाच्या व्यायामानेही कॉर्टिसॉल वाढतं. आलेखाने एकदा खोटी साक्ष दिली होती, खरं म्हणजे त्यांनी द्यायला लावली होती, आणि आता त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार?

शनिवारी सकाळी ते सुवर्णा डुबलकडे गेले. ती मिरची कांडपाचं यंत्र चालवायची. तोंडाला ओढणी गुंडाळलेली, डोळे लाल, दारात मिरच्यांची पोती. नवऱ्याला बघायला ती महिनाभरात एकदाही जिल्ह्याला गेली नव्हती. उरुणकर उभ्यानेच बोलले. आपण काय वाचलं, काय विचारलं, कोणाला सांगितलं आणि त्यातलं काय चुकलं, हे त्यांनी तिला वेळेच्या क्रमाने सांगितलं. रणजितने मुलीला मारल्याचा कसलाही पुरावा नाही, कधी नव्हता.

सुवर्णाने यंत्र बंद केलं. तोंडावरची ओढणी सोडली. मग उरुणकरांच्या तोंडात मारली, एकदा उजव्या हाताने आणि लगेच डाव्या. तिखटाने भरलेले हात होते ते. उरुणकरांचा चष्मा पोत्यांमागे जाऊन पडला आणि डोळ्यांत आग उठली.

“अठरा वर्षं नांदले मी त्याच्याशी,” ती म्हणाली. “एकदा आवाज चढवला नाही त्यानं. आन् तुमच्या एका कागदावर मी त्याला टाकला. सही केली मी, डॉक्टर. पोरगी त्या माणसाच्या हातात मीच दिली.”

उरुणकर डोळे चोळत उभे राहिले. थोड्या वेळाने तिने पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला. मग तिने विचारलं की उद्या चाचणी किती वाजता सुरू होते.

रविवारी सकाळी सात वाजता अकॅडमीच्या मैदानावर मांडवाखाली दीडशे पालक बसले होते. चहा फिरत होता. मुलींची आठशे मीटर झाली होती आणि ओवी पाचवी आली होती. बासष्ट मुलं तीन ओळींत विश्रामात उभी होती, पांढरे बनियन घामाने अंगाला चिकटलेले. सुभेदार त्यांच्यासमोर उभे राहून वेळा वाचून दाखवत होते. त्यांना हिंदी-मराठी मिसळून बोलायची लकब होती आणि पालक हसत होते.

उरुणकर आणि सुवर्णा मैदान ओलांडून सरळ त्यांच्याकडे चालत गेले.

“काय डॉक्टरसाहेब,” सुभेदार माइकवरूनच म्हणाले, “सकाळी सकाळी आमचं बीपी मोजायला का?”

मांडवात हशा झाला. उरुणकरांनी माइक मागितला नाही. त्यांनी पालकांकडे तोंड केलं. गर्दीपुढे बोलायची त्यांना सवय नव्हती, आवाज पहिल्या शब्दाला फाटला. “रणजित डुबलनं आपल्या पोरीला कधी हात लावलेला नाही,” ते म्हणाले. “ते मी लिहिलं होतं आणि ते चूक होतं. त्याचा डोळा माझ्यामुळे गेला. तुमच्या पोरांच्या अंगावरचे वळ या माणसाच्या हातचे आहेत. आज दुपारी तुम्ही घरी गेल्यावर पुन्हा उठणार आहेत.”

कोणी तरी बस खाली म्हणून ओरडलं. एका बापाने खुर्ची सरकवून, सर मारतात ते घडवायलाच मारतात, दोन दिल्या तर काय झालं, असं मोठ्याने विचारलं. सुवर्णा तोवर मुलींच्या ओळीपर्यंत पोचली होती. सुभेदारांच्या दोन माणसांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. ती पडली, तिचं डोकं चुन्याच्या रेषेवर आपटलं. उरुणकर तिकडे धावले आणि वाटेत आलेल्या माणसाला त्यांनी दोन्ही हातांनी ढकललं. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा कोणाच्या अंगावर हात टाकला होता.

सुभेदारांचा संयम तिथे सुटला. त्यांनी माइक खाली टाकला आणि कमरेचा पट्टा सोडला. जाड कापडी लष्करी पट्टा, पितळी बकलचा. बकल सुटल्याचा आवाज झाला, खट्.

त्या आवाजासरशी बासष्ट मुलं कमरेत वाकली. हात गुडघ्यांवर, मान खाली, तिन्ही ओळी एकदम.

मांडवातल्या कोणाला तरी ती कवायत वाटली. एक हसल्याचा आवाज आला आणि विरला. सुभेदारांची मुलांकडे पाठ होती. त्यांनी पट्टा फिरवला. बकल उरुणकरांच्या गळ्याच्या हाडावर बसलं आणि हाड मोडल्याचा आवाज पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांपर्यंत गेला.

“एक,” बासष्ट मुलं म्हणाली.

उरुणकर गुडघ्यांवर आले. दुसरा फटका कानावर आणि गालावर बसला.

“दोन.”

आता सुभेदारांनी मागे वळून बघितलं. ते गप्प बसा म्हणून ओरडले, शिवी दिली. एकही मान वर झाली नाही. पुढे पोलिसांसमोरच्या जबाबात मुलांनी हे सारख्याच शब्दांत सांगितलं: पालक गेले की पत्र्याच्या हॉलमध्ये चाचणीचा हिशोब व्हायचा. वेळेपेक्षा जितके सेकंद जास्त, तितके पट्टे. एकाला मारत असताना बाकीच्यांनी वाकून मोजायचं. मोजणं थांबलं किंवा कोणी सरळ झालं तर पुन्हा पहिल्यापासून. मध्ये कोण काय ओरडतं त्याकडे लक्ष द्यायचं नाही, ती युक्ती असते.

मांडवातले आयाबाप आपापलं मूल त्या वाकलेल्या पाठींत शोधत होते. चेहरे दिसत नव्हते, पाठी सगळ्या सारख्या होत्या. मग एक खुर्ची पडली. मग खूप खुर्च्या पडल्या.

पुढचं फार वेगाने झालं. मघाशी सरांची बाजू घेणारा बापच पहिला पोचला, आणि त्याने सुभेदारांच्या पाठीत लोखंडी खुर्ची घातली. पट्टा हातातून सुटला. तो सुवर्णाने उचलला. तिच्या कपाळातून रक्त वाहत होतं, डोळा त्याने भरला होता. तिने बकलाची बाजू मोकळी सोडली आणि मारलं.

“तीन,” मुलं म्हणाली.

उरुणकर एका हाताने स्वतःला पुढे ओढत होते. थांबवायला हवं होतं. याला जिवंत पोलिसांच्या हाती द्यायला हवं होतं. अड्ड्यावर जे झालं तेच इथे चाललं होतं. पण तोंडात रक्त आणि दाताचे तुकडे होते, शब्द बाहेर येत नव्हता. लाथा सुभेदारांवर पडत होत्या, काही त्यांच्यावरही पडल्या. मांडवाचा एक बांबू कोणी तरी उपसला.

“चार.”

आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. सुभेदार पालथे पडले होते, हात डोक्यावर.

“पाच.”

पाचव्या आणि सहाव्या फटक्याच्या मध्ये मुलींच्या ओळीतली एक पाठ हलली. ओवीने गुडघ्यांवरचे हात काढले आणि ती सावकाश, जणू पाठीत काही मोडेल या भीतीने, सरळ झाली. तिने आईकडे बघितलं. पट्टा सुवर्णाच्या डोक्यावर उचललेला होता.

“आई, बास,” ती म्हणाली.

सुवर्णाचा हात वरच थांबला. आजूबाजूचे दोघेतिघे थांबले, बांबू धरलेला माणूस थांबला. मैदानावर एवढी शांतता झाली की ओवीच्या शेजारी वाकून उभ्या असलेल्या मुलीचं कुजबुजणं उरुणकरांना जमिनीवरून ऐकू आलं. तिने मान वर केली नव्हती. डोळे मातीवर होते.

“ओवी, वाक ना,” ती विनवत होती. “पुन्हा एकपासून करतील.”